२४० वॅट-अवर

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टचं दार साडेसव्वीस इंचांचं आहे. तीस वर्षं त्या लिफ्टने वर-खाली करूनही हे मला माहीत नव्हतं. गेल्या वर्षी मला बसून फिरायला बॅटरीवरची छोटी स्कूटर घ्यायची होती, ती लिफ्टमध्ये मावेल का हे बघायला भाची सुताराकडचा टेप घेऊन आली. ती मापं घेत होती आणि मी कुबडीवर रेलून आकडे लिहीत होते. दार साडेसव्वीस, आतली खोली चाळीस, आणि कोपऱ्यात लिफ्टमनचं स्टूल. लिफ्टमन जाऊन जमाना झाला, स्टूल मात्र आहे. ते हलवायला सेक्रेटरींची परवानगी लागली, तीही लेखी.

लिफ्ट जुनी, कारण बिल्डिंग जुनी. बिल्डिंग जुनी, कारण पार्ले-सांताक्रूझचा बराच भाग विमानतळाच्या फनेल झोनमध्ये येतो. विमानांच्या वाटेत उंच इमारती नकोत, म्हणून आम्ही चार मजल्यांवर थांबलेलो, आणि चार मजल्यांत बिल्डरला रस नाही. म्हणजे मी विमानाने जायला स्कूटर घेत होते आणि तिच्या वाटेतला पहिला अडसर विमानांनीच घालून ठेवला होता.

मोबिलिटी स्कूटर म्हटलं की आपल्याकडे ॲक्टिव्हाला मागे लावलेली दोन जादा चाकं डोळ्यांसमोर येतात. ती वेगळी. ती रस्त्यावर धावते, तिला नंबरप्लेट असते. ही घरातून निघते, लिफ्टने उतरते, वाण्याच्या दुकानात शिरते. एक खुर्ची, खाली छोटी चाकं, पुढे सायकलसारखं हँडल, आणि हँडलपाशी अंगठ्याने दाबायची पट्टी. दाबली की चालते, सोडली की थांबते. वेग भराभर चालणाऱ्या माणसाइतका, ताशी सहा ते आठ किलोमीटर. नातेवाइकांनी विचारलं, व्हीलचेअर का नाही? ती स्वस्त, ती हलकी, ती कुठेही मिळते. खरं आहे. पण व्हीलचेअरला मागे दोन मुठी असतात. मुठी दिसल्या की माणसांचे हात आपोआप तिकडे जातात, आणि मग लोक बोलतात ते मुठी धरणाऱ्याशी. "यांना काय देऊ? चहा चालतो का यांना?" स्कूटरला मागून धरायला काही नाही. मला तेवढं पुरेसं होतं.

पण हे सुचायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

पोलिओ झाला तेव्हा मी अकरा महिन्यांची होते. साल १९६८. सरकारी लसीकरणात पोलिओचे थेंब यायला अजून दहा वर्षांहून जास्त अवकाश होता. ताप उतरला, डावा पाय परत आला नाही, उजवा निम्माशिम्मा आला. चौथ्या वर्षी हाजीअलीला नेलं. ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन असं त्या जागेचं नाव आहे, पण आम्ही जुनी पोलिओवाली मंडळी नुसतं हाजीअली म्हणतो. तिथे कॅलिपरचं, म्हणजे पायाला बांधायच्या लोखंडी आधाराचं, माप घेतलं. जमिनीवर खाकी कागद अंथरला, त्यावर मला उताणं झोपवलं, आणि एका मिस्तरींनी पेन्सिल उभी धरून पायाच्या दोन्ही बाजूंनी रेघ ओढली. मांडीपाशी पेन्सिलीने गुदगुल्या झाल्या आणि मी हसले. पोलिओत स्पर्श जात नाही, हलवणं जातं. मला उचलून बाजूला ठेवलं तेव्हा कागदावर माझा पाय होता. माझ्या पायापेक्षा सरळ दिसत होता.

पाय वाढेल तसा दरवेळी नवा कागद, नवं लोखंड, नवे पट्टे. आणि दरवेळी घरी येताना आईचा एकच शब्द: चाल. रिक्षा समोर उभी असली तरी चाल. जिना आला, चढ. पडलीस, ऊठ. ती दुष्ट नव्हती, डॉक्टरही तेच सांगत होते. वापरला नाही तर आहे तोही पाय जाईल. मग मी चालले. शाळेत चालले, कॉलेजात चालले, बँकेत ३१ वर्षं चालले. पार्ले ते चर्चगेट, अपंगांच्या डब्यातून. उभं राहताना गुडघ्याचं कुलूप खटकन लावायचं, बसताना सोडायचं. डब्यातले नेहमीचे लोक तो खटका ऐकून न बघता सरकून जागा द्यायचे.

मग उजवा पाय, ज्याला आमच्या घरात 'चांगला पाय' असंच नाव होतं, दमायला लागला. संध्याकाळपर्यंत मांडीत नुसतं पाणी भरल्यासारखं. खांदे तर कुबड्यांनी आधीच खाल्ले होते. डॉक्टरांनी पोस्ट-पोलिओ सिंड्रोम असं नाव सांगितलं आणि कारण समजावलं ते मला बँकवाली म्हणून लगेच पटलं. पोलिओत मज्जारज्जूतल्या काही पेशी मरतात. उरलेल्या पेशी नवे फाटे काढून अनाथ झालेल्या स्नायूंचं काम अंगावर घेतात. एका टेबलावर तिघांचं काम. असं तीस-चाळीस वर्षं रेटल्यावर त्याही थकतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे.

"आता वाचवून वापरा," डॉक्टर म्हणाल्या.

"काय?"

"पावलं. दिवसाला मोजकीच मिळतात असं समजा. ती स्वयंपाकघरात खर्च करायची की बाहेर, ते तुमचं तुम्ही ठरवा."

जन्मभराची शिकवण एका कागदावर उलटी झाली. आई तेव्हा हयात नव्हती. बरंच झालं असं वाटलं आणि लगेच त्या वाटण्याची लाजही वाटली.

त्यानंतर दोन वर्षं मी काहीच केलं नाही. हे लिहायला हवं, नाहीतर असं वाटेल की बाई शहाणी, डॉक्टरांनी सांगितलं आणि लगेच दुकानात गेली. दोन वर्षं मी नुसतं बाहेर जाणं कमी केलं आणि त्याला आराम असं नाव दिलं. बहीण कोचीला असते. "ये की चार दिवस" असं ती म्हणायची, आणि मी पावसाळ्याचं, उन्हाळ्याचं, दिवाळीचं कारण द्यायचे. शेवटी भाची म्हणाली, "मावशी, सगळे ऋतू संपले." आणि टेप घेऊन आली.

दुकानात आधी तीनचाकीवर बसले. जागच्या जागी वळते, लिफ्टसाठी अगदी सोयीची. पण दुकानाबाहेरच्या फुटपाथवर नेली आणि एका खचलेल्या पेव्हर ब्लॉकवर तिचं मागचं चाक अधांतरी झालं. भाचीने खांदा धरला म्हणून बरं. मुंबईचा फुटपाथ ही काही सपाट गोष्ट नाही. त्यात टोकाला बाइकवाल्यांना अडवायला लोखंडी खांब ठोकलेले, त्यातून बाइकवाले जातात आणि आम्ही अडकतो. मग चारचाकी पाहिली. वळायला आडमुठी, पण बसल्यावर जीव शांत. रुंदी २१ इंच, लांबी ३८. लिफ्टमध्ये सरळ शिरायचं आणि उलटं बाहेर यायचं, बँकेतल्या साहेबांच्या केबिनमधून निघावं तसं.

दुसरा प्रश्न टॅक्सीचा. मुंबईच्या टॅक्सीच्या डिकीत सीएनजीची टाकी असते, हे आपण जन्मभर बघतो आणि कधी लक्षात घेत नाही. टाकीने निम्मी डिकी खाल्लेली, उरलेल्या निम्म्यात ड्रायव्हरचा पाण्याचा कॅन आणि फडकी. म्हणून घडी होणारी हवी, आणि घडी झाल्यावर मागच्या सीटवर आडवी बसेल अशी हवी. २३ किलोंची मिळाली. भाची एकटी उचलते, कण्हत.

आणि बॅटरी. दुकानदार मोठी बॅटरी दाखवत होता. "एकदा चार्ज केली की चाळीस किलोमीटर, मॅडम. थोडेच पैसे जास्त." मी जवळजवळ हो म्हटलं होतं. चाळीस किलोमीटर म्हणजे पार्ल्याहून थेट विरारपर्यंत, मी कशाला जाईन, पण जाता येईल एवढं ऐकूनच हरखले. भाचीने विचारलं, "आणि विमानात?" दुकानदार म्हणाला, जाते की. सगळं जातं.

सगळं जात नाही. बॅटरीवर व्होल्ट आणि ॲम्पिअर-अवर असे दोन आकडे छापलेले असतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॅट-अवर. मोठी बॅटरी २४ गुणिले २०, म्हणजे ४८०. अपंगांच्या साधनाची लिथियम बॅटरी काढता येणारी असेल तर ती काढून प्रवाशाने केबिनमध्ये आपल्याजवळ ठेवायची, आणि ती ३०० वॅट-अवरपेक्षा मोठी नको. दोन लहान असतील तर प्रत्येकी १६० पर्यंत. हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कारणही साधं आहे. लिथियम बॅटरी आतून तापत गेली की एका कप्प्यातली आग दुसऱ्याला लागत जाते. विमानाच्या पोटात हे बघायला कोणी नसतं, केबिनमध्ये धूर दिसतो आणि त्यावर पाणी ओतायला माणूस असतो. बंद शिशाच्या बॅटऱ्यांना एवढी कटकट नाही. त्या नीट बसवलेल्या असतील तर स्कूटरबरोबरच खाली जातात. पण त्यांचं वजन! दोन बॅटऱ्यांचेच सात-आठ किलो. भाचीने कण्हण्याऐवजी नकारच दिला असता. तेव्हा २४ गुणिले १०, म्हणजे २४०. पार्ल्यात त्यावर माझे तीन दिवस निघतात.

तिकीट काढलं आणि ४८ तास आधी कळवायचं म्हणून विमान कंपनीला मेल केला. त्यांचा फॉर्म आला. लांबी, रुंदी, उंची, वजन, बॅटरीचा प्रकार. लिथियमवाल्यांचा कोड वेगळा, शिशाच्या कोरड्या बॅटरीवाल्यांचा वेगळा. कंटाळवाणा फॉर्म, पण त्यातल्या एका ओळीपाशी मी थांबले. प्रवाशाचे तीन प्रकार होते. एक, ज्याला लांब चालवत नाही पण पायऱ्या चढता येतात. दोन, ज्याला पायऱ्या जमत नाहीत पण विमानात आपल्या सीटपर्यंत जाता येतं. तीन, ज्याला सीटपर्यंतही न्यावं लागतं.

मी दोन नंबरची. आजवर मला कोणी दोन नंबर दिलाच नव्हता. लोकांच्या लेखी माणूस चालतो किंवा चालत नाही. स्कूटरवरून उतरून मी दुकानाची एक पायरी कठड्याला धरून चढले की बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर मी रंगेहाथ पकडले गेल्यासारखे भाव येतात. चालता येतं की हो तुम्हाला! मग हे कशाला? हल्ली आम्हाला दिव्यांग म्हणतात. त्या शब्दातल्या दिव्याचं काय करायचं मला कळत नाही, पण 'पायऱ्या नाही, सीटपर्यंत होय' हे माझं खरं वर्णन होतं आणि ते विमानवाल्यांच्या फॉर्मात निघालं.

विमानतळावर अडीच तास आधी पोहोचलो. स्कूटरला मी एक लॅमिनेट केलेला कागद बांधला होता, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि बहिणीकडून लिहून घेतलेलं मल्याळम. 'बॅटरी काढलेली आहे. हँडलला धरून उचलू नका.' चारी बाजूंनी फोटो काढून ठेवले होते.

काउंटरवरच्या मुलीने बॅटरी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"कितने वॅट का है, मॅम?"

"२४० वॅट-अवर."

"सौ के ऊपर अलाउड नहीं है."

शंभराचा नियम पॉवर बँकेचा. तो तिला पाठ होता, कारण रोज शंभर पॉवर बँका बघायच्या. माझ्यासारखी महिन्यातून एखादी. मी तिला दोष देत नाही, पण तेव्हा दिला. मेल दाखवला, मंजुरी दाखवली. तिने वरिष्ठांना फोन लावला, वरिष्ठांनी आणखी कोणाला. मागे रांग वाढली. रांगेतल्या लोकांनी आधी सहानुभूतीने पाहिलं, मग घड्याळाकडे. मला त्या वेळी जिजा घोष आठवत होत्या. २०१२ साली कोलकात्याहून गोव्याला परिषदेसाठी निघालेल्या या बाईंना, सेरेब्रल पाल्सी आहे म्हणून, सीटवर बसल्यानंतर विमानातून उतरवलं होतं. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दहा लाखांची भरपाई द्यायला लावली. भरपाई चार वर्षांनी मिळते, विमान मात्र त्याच दिवशी सुटतं.

चाळीस मिनिटांनी एक गृहस्थ छापील कागद घेऊन आले. त्यांनी स्वतः गुणाकार केला, मोबाइलवर. २४ गुणिले १०. मग मुलीकडे बघून मान हलवली. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावून पिशवीत ठेवायला सांगितलं, ती मी घरूनच लावून आणली होती. आणि जाता जाता म्हणाले, "कॅप्टनला लेखी कळवावं लागतं, बॅटरी कुठे आहे आणि स्कूटर कुठे आहे ते." मी म्हटलं कळवा. मला ते फार आवडलं. इतक्या वर्षांत मी कुठे बसले आहे हे कोणी कॅप्टनला लेखी कळवलं नव्हतं.

या विजयात मी एक चूक केली. ते म्हणाले, स्कूटर इथेच द्या, पुढे आमची खुर्ची आहे, आणि मी दिली. विमानाच्या दारापर्यंत आपल्या साधनावर जायची मागणी करता येते. ती रेटायची ताकद वादात संपली होती. मग विमानतळाची व्हीलचेअर आली. तिची मागची चाकंही लहान होती. लहान चाकांची खुर्ची बसणाऱ्याला स्वतः हलवता येत नाही, ढकलणारा असेल तरच ती हलते. ढकलणारा मुलगा चांगला होता, साताऱ्याकडचा, ताई ताई करत होता. सुरक्षा तपासणीत कॅलिपर वाजला, पडद्याआड बसून पट्टे उघडून दाखवले. सुधा चंद्रन यांनी कृत्रिम पाय दरवेळी काढायला लावतात म्हणून २०२१ साली जाहीर तक्रार केली होती, त्यामुळे असेल किंवा त्या दिवशीची बाई समजूतदार म्हणून असेल, काढायला कोणी सांगितला नाही. मग मुलाने मला गेटपाशी नेलं, "आलोच ताई" म्हणाला, आणि गेला. भाची पाणी आणायला गेली होती.

त्याने खुर्ची लावली ती खांबाकडे तोंड करून. टर्मिनल दोनचे खांब देखणे आहेत, वर जाऊन मोरपिसाऱ्यासारखे फुलतात. खाली माझ्या नाकासमोर मात्र नुसता पांढरा रंग होता. माझ्या रांगेत आणखी चार खुर्च्या, चार म्हाताऱ्या, सगळ्या खांबाकडे तोंड करून. मागे विमानं येत-जात असल्याचे आवाज. मी उजव्या पायाने फरशीला रेटा देऊन बघितला. ब्रेक लावलेला होता आणि खटका माझ्या हाताला न लागणाऱ्या जागी, मागे. शेजारच्या आजी म्हणाल्या, "कशाला धडपडता, येईल तो." वीस मिनिटं मी बॅटरी मांडीवर घेऊन बसले. परतीच्या प्रवासात मी काउंटरवर उतरलेच नाही, "दारापर्यंत" एवढा एकच शब्द धरून बसले, आणि विमानाच्या दारात जाऊन बॅटरी काढून जवळ ठेवली आणि मगच स्कूटर दिली. तो प्रसंग सांगण्यासारखा नाही, काहीच घडलं नाही.

कोचीला स्कूटर पट्ट्यावर आली ती कुशीवर पडून. पुढची बास्केट चिरलेली, कागद गायब, दोरी शाबूत. भाचीने उभी केली, उघडली, मी बॅटरी बसवली. दिवा लागला. पट्टी दाबली. स्कूटर जागची हलेना. पुन्हा दाबली. नुसता टुं टुं आवाज. पायाखालची जमीन सरकते म्हणजे काय ते कळलं, आणि तीही सरकत असताना मी मात्र जागेवरच. भाची खाली वाकून, फरशीवर गुडघे टेकून, मागच्या चाकांत बघत होती. "मावशी, हे लाल काय आहे?" तो न्यूट्रलचा दांडा. ढकलत नेण्यासाठी मालवाहू माणसांनी तो खाली केला होता, वर करायचं राहिलं. तो खाली असला की मोटर चाकांना सोडून देते आणि ब्रेकही लागत नाही. भाचीने खटकन वर केला. तो खटका थेट माझ्या कॅलिपरच्या कुलपासारखा होता. पट्टी दाबली, चालली.

चार दिवसांतला एक दिवस आम्ही वॉटर मेट्रोने फोर्ट कोचीला गेलो. २०२३ साली सुरू झालेल्या या बोटी बॅटरीवर चालतात, आणि एकेका बोटीची बॅटरी १२२ किलोवॅट-अवरची असते, असं बहिणीच्या मिस्टरांनी कौतुकाने सांगितलं. त्या बोटीत माझ्या पाचशे बॅटऱ्या बसतील, हा हिशोब मी मनातल्या मनात केला. धक्का तरंगता आहे. पाणी चढलं की धक्काही चढतो, बोटीच्या पातळीतच राहतो. कोणी फळी टाकली नाही, कोणी "जरा धरा हो" म्हणून ओरडलं नाही. मी आत गेले आणि खिडकीशी थांबले. आपलं तोंड कुठे करायचं ते मी ठरवलं.

उतरल्यावर चिनी जाळ्यांकडे जाणारा रस्ता लागला, शेजारी समुद्र, संध्याकाळचा वारा, मासे विकणाऱ्यांची आरडाओरड. रस्ता बऱ्यापैकी गुळगुळीत होता. मी अंगठा पुरता दाबला. बहीण गुडघेदुखीने मागे पडली, तिचे मिस्टर तिच्यासाठी थांबले. भाची काही वेळ बरोबर आली, मग अर्धवट धावत आली, मग तिची चप्पल सुटली. मला मागून पावलांचा आवाज येईनासा झाला तरी मी थांबले नाही. मग लांबून, वाऱ्यात अर्धी हरवलेली, तिची हाक आली.

"मावशी, अगं हळू चाल ना!"